टोपली कुणाचीच रिकामी नको



आज आपण एका खेळाविषयी बोलणार आहोत. खेळ लहान मुलांचा आहे. पण तो नीट पार पाडण्याचे काम मोठ्यांचे आहे. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरच्या सणाला, म्हणजे पास्काला, हा खेळ मांडतात. मोठी माणसे रंगवलेली अंडी झाडाझुडपांत लपवतात. मुले टोपल्या घेऊन ती शोधतात. बस, इतकाच खेळ. ऐकायला सोपा वाटतो ना?

पण जरा विचार करा. अंगणात शंभर अंडी लपवली आणि लहानमोठी सगळी पोरे एकदम सोडली, तर काय होईल? बारा वर्षांचा दांडगा मुलगा धावत सुटेल आणि वीस अंडी गोळा करील. चार वर्षांची पोर मागे राहील. तिची टोपली रिकामी. ती रडत आईकडे जाईल. मग आईला राग येईल आणि दोन घरांत भांडण लागेल. सण गोड होण्याऐवजी कडू होईल.

म्हणून आजच्या बोलण्याचे सार आम्ही आधीच सांगून ठेवतो. खेळ चांगला झाला की नाही, हे कसे ओळखायचे? सर्वांत भरलेली टोपली पाहू नका. सर्वांत लहान मुलाची टोपली पाहा. ती भरली असेल, तर खेळ चांगला झाला.

आता कुणी म्हणेल, "हा सण ख्रिस्ती लोकांचा. आपल्या बाळकुमात हा खेळ कशाला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर असे.

ठाण्याला ख्रिस्ती वस्ती फार जुनी आहे. १३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे साधू ठाण्याला आले होते. तेव्हाही इथे काही ख्रिस्ती घरे होती. त्या घरांनीच त्यांना थारा दिला. पुढे पोर्तुगीजांचे राज्य आले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले. राज्ये आली आणि गेली, पण माणसे इथेच राहिली. मासुंदा तलावाजवळचे जुने चर्च आपण सर्वांनी पाहिले आहे. ईस्टर हा सण परक्या मुलखातून काल आलेला नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या घरी तो कित्येक पिढ्या साजरा होत आला आहे. अंडी शोधण्याचा खेळ मात्र त्या मानाने नवा आहे.

आणि दुसरे असे. आपले बाळकुम आता पूर्वीचे राहिले नाही. एका बाजूला जुनी घरे आहेत, दुसऱ्या बाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या इमारतींत निरनिराळ्या धर्मांची आणि निरनिराळ्या भाषांची कुटुंबे राहतात. मोठी माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. मुले मात्र अर्ध्या तासात मैत्री करतात. शिमग्याला, गोपाळकाल्याला जसे सगळे एकत्र येतात, तसा हा आणखी एक दिवस होऊ शकतो.

आता सण काय आहे ते थोडक्यात पाहू. येशू ख्रिस्ताला शुक्रवारी क्रुसावर खिळले आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो मरणातून उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. त्या रविवारला ईस्टर म्हणतात. हा सण दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. आपल्याला हे समजायला सोपे आहे. आपलेही कितीतरी सण चंद्र पाहूनच ठरतात. २०२६ साली हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आणि २०२८ साली १६ एप्रिलला.

मग यात अंडे कुठून आले? ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. पूर्वी युरोपात त्या काळात अंडीही वर्ज्य होती. पण कोंबड्यांना उपवास थोडाच कळतो? त्या अंडी देतच राहायच्या. सणाच्या दिवशी घरात अंडीच अंडी! मग ती उकडायची, रंगवायची, मुलांना वाटायची. शिवाय अंड्याचे कवच बंद असते आणि आतून जिवंत पिल्लू बाहेर येते. त्यामुळे नव्या जीवनाची खूण म्हणूनही अंडे मानले गेले.

लपवण्याची चाल जर्मनीकडची. तिथे मुलांना सांगत, की ससा येतो आणि बागेत अंडी लपवून जातो. ही समजूत १६८२ साली तिथल्या एका वैद्याने लिहून ठेवली आहे. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी होण्याआधी, १८३३ साली, मुलगी असताना हा खेळ खेळली होती. तिच्या आईने अंडी रंगवली आणि मुलांनी ती शोधली, असे तिने आपल्या रोजनिशीत लिहिले आहे. आपल्याकडे मुंबई-वसई भागात ईस्टरला काजूच्या किंवा बदामाच्या पिठाची गोड अंडी मिळतात. त्यांना मार्झिपान म्हणतात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हा खेळ बिघडतो तो मुलांमुळे नव्हे, मोठ्यांमुळे. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज नावाचे शहर आहे. तिथल्या एका बागेत हा खेळ होत असे. मैदानाभोवती दोरी बांधलेली असे आणि आईबापांनी दोरीच्या बाहेर थांबायचे असे. २०११ साली आईबापांनीच दोरी ओलांडली. आपल्या लेकराला अंडी मिळावीत म्हणून मोठी माणसे आत घुसली. पाहता पाहता सगळी अंडी संपली आणि कित्येक मुलांना काहीच मिळाले नाही. पुढच्या वर्षी, २०१२ साली, तो खेळच रद्द करावा लागला. २०१६ साली कनेटिकट राज्यातही असाच प्रकार झाला. तिथे सुमारे ९,००० अंडी ठेवली होती. तरी मोठ्यांनी वेळेआधी धाव घेतली आणि लहान मुले रडली.

बघा, ९,००० अंडीसुद्धा पुरली नाहीत! अंडी कमी होती म्हणून नव्हे, नियम पाळला गेला नाही म्हणून. अंडी थोडी असली तरी चालतात. नियम मात्र पक्का हवा.

तर नियम कोणते? आम्ही पाच नियम सांगतो. ते वहीत लिहून घ्या.

पहिला नियम, आधी मोजा. आठ दिवस आधी घरोघर जाऊन मुलांची नावे आणि वये लिहा. समजा, ६० मुले झाली. त्यांत ३ ते ५ वर्षांची २०, ६ ते ९ वर्षांची २५ आणि १० ते १२ वर्षांची १५. प्रत्येकाला पाच अंडी धरली, तर ३०० अंडी लागतील. वर ३० जास्त करा. ती लपवू नका, पिशवीत ठेवा. ऐन वेळी पाहुण्यांची मुले येतात, ज्यांचे नाव लिहिलेले नाही अशी मुले येतात. "तुझे नाव नाही, तू घरी जा," असे कोणत्याही मुलाला म्हणायची वेळ येऊ नये.

दुसरा नियम, वयाप्रमाणे जागा वेगळ्या करा. लहानांना मोकळे अंगण द्या आणि त्यांची अंडी डोळ्यांना दिसतील अशी ठेवा. मधल्यांची अंडी अर्धी झाकलेली असावीत. मोठ्यांची अंडी अवघड जागी असली तरी हरकत नाही. एका गटाने दुसऱ्याच्या जागेत जायचे नाही.

तिसरा नियम, पाच म्हणजे पाच. ज्याला पाच अंडी मिळाली त्याने थांबायचे. सर्वांत जास्त अंडी गोळा करणाऱ्याला बक्षीस ठेवू नका. बक्षीस ठेवले, की हिसकाहिसकी आलीच.

चौथा नियम, आईबाप दोरीच्या बाहेर. हे आधी सांगा आणि खेळ सुरू करण्यापूर्वी पुन्हा सांगा. अगदी लहान मुलासोबत एक माणूस आत जाऊ शकतो, पण अंडे मुलानेच उचलायचे. दोरीजवळ सगळ्यांना ओळखणारी, चार शब्द गोड बोलून थांबवू शकेल अशी एखादी मावशी उभी करा. तिचे कुणी मोडणार नाही.

पाचवा नियम, ज्याचे काम झाले त्याने दुसऱ्याला मदत करायची. मोठ्या मुलांना आधीच सांगा, "तुमची पाच झाली, की तुम्ही राखणदार." ज्याला कमी दिसते, ज्याला चालता येत नाही, अशा मुलाबरोबर एक जोडीदार द्या. त्याची अंडी त्याच्या हाताला लागतील इतक्या उंचीवर ठेवा. दांडग्या पोराला काम दिले आणि मान दिला, की तोच पोर लहानग्यांना बोट धरून अंडे दाखवतो.

आता अंडी कसली असावीत? इथे एक धोका आहे, तो नीट ऐका. खरी उकडलेली अंडी लपवू नका. आपल्याकडे एप्रिलचे ऊन फार कडक. उकडलेले अंडे बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, असे जाणकार सांगतात. आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापली असेल, तर एक तासच. लपवलेले अंडे गवतात पडून राहिले आणि मुलाने ते दुपारी खाल्ले, तर उलट्या-जुलाब होतील. शिवाय कुत्री आणि मुंग्या येतील त्या वेगळ्याच.

त्यापेक्षा कागदाची अंडी करा. जुनी वर्तमानपत्रे भिजवून लगदा करा. त्यात कणकेची खळ मिसळा. लिंबाएवढे लांबट गोळे करून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा. मग खाण्याचे रंग लावा, कारण लहान मूल हातातली वस्तू तोंडात घालतेच. खर्च जवळजवळ नाही. चार बायका ओट्यावर बसल्या, तर गप्पा मारता मारता शंभर अंडी होतात. प्लॅस्टिकची अंडी बाजारात मिळतात, पण ती हरवली की गटारात जातात आणि गटारातून खाडीत. आपली खाडी आधीच पुष्कळ सोसते आहे.

खरे अंडे खेळ संपल्यावर हातात द्या. ते सकाळी दहा-बारा मिनिटे उकडा, गार पाण्यात टाका आणि नंतर फ्रीजमध्ये ठेवा. रंग द्यायचा असेल, तर उकळत्या पाण्यात कांद्याच्या साली टाका, अंडे तांबूस होईल. हळद टाकली तर पिवळे होईल. तडकलेले अंडे वाटू नका. मुलांनी ते तिथेच खावे, खिशात घालून हिंडू नये.

पुष्कळ घरांत अंडे खात नाहीत. त्या मुलांना केळे आणि राजगिऱ्याचा लाडू द्या. कुणाला अंड्याने किंवा शेंगदाण्याने अंगावर पित्त उठत असेल, धाप लागत असेल, तर नाव लिहितानाच आईला विचारून वहीत टिपून ठेवा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गोळ्या, अख्खे शेंगदाणे देऊ नका. ते घशात अडकतात.

धर्माविषयीही दोन शब्द स्पष्ट बोललेले बरे. पालकांना आधीच सांगा, की हा खेळ आहे. इथे कुणाला प्रार्थना करायला लावणार नाही, कुणाच्या देवाला नावे ठेवणार नाही. सणाची गोष्ट सांगायची असेल, तर गावातल्या एखाद्या ख्रिस्ती आजीला पाच मिनिटे बोलवा. ती आपल्या घरचा सण सांगेल. ज्याला मूल पाठवायचे नाही, त्याच्यावर सक्ती नको आणि त्याच्याविषयी मागे बोलणेही नको. दिवाळीत शेजाऱ्यांना फराळ देतो तेव्हा आपण त्यांचा धर्म बदलतो काय? नाही. आपला आनंद वाटतो. हेही तसेच.

जागा कोणती निवडावी? शाळेचे पटांगण किंवा देवळापुढचे मोकळे अंगण चांगले. जुन्या आग्रा रोडच्या कडेला नको, तिथे गाड्यांची रीघ असते. कशेळीच्या खाडीच्या बाजूला नको. उघडी विहीर, विजेचा डीपी, इमारतीच्या बांधकामाचे खड्डे यांच्याजवळ मुळीच नको. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात साप-विंचू गारव्याला बसतात. म्हणून दगडाखाली, बिळात, लाकडांच्या राशीत, कौलांच्या ढिगात अंडे ठेवू नका. आदल्या दिवशी जागा झाडून घ्या. जिथे डोळ्याने दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा. देव न करो, पण साप चावलाच, तर दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. मुलाला हलू देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्या.

वेळ सकाळची ठेवा. साडेसातला मुले जमवा. आठला खेळ सुरू करा. नऊपर्यंत सगळे आटपा. सावली आणि पिण्याचे पाणी हवेच. खेळ झाला, की अंडी मोजा. कुठे किती लपवली ते वहीत लिहिलेले असेल, तर कुठे किती राहिली ते लगेच कळते.

पैशांचे म्हणाल तर सक्तीची वर्गणी नको. कुणी केळी देईल, कुणी लाडू देईल, कुणी दोरी देईल. आलेले आणि गेलेले पैसे फळ्यावर लिहा. हिशेब सगळ्यांसमोर असला, की संशयाला जागा राहत नाही.

आता शेवटची गोष्ट. ती आमच्या फार जवळची आहे. प्रत्येक अंड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. चिठ्ठीवर एकच शब्द लिहा: होडी, आंबा, पाणी, जाळे, आई. हे शब्द कुणी लिहायचे? तुम्ही! ज्या ताईने, ज्या काकांनी गेल्या वर्षी पहिल्यांदा हातात पेन्सिल धरली, त्यांनीच लिहायचे. लहान मूल चिठ्ठी घेऊन दोरीजवळ येईल आणि विचारील, "यावर काय लिहिलंय?" मग तुम्ही वाचून सांगायचे. जी आई अजून वाचायला शिकली नाही, तिला चारचौघांत विचारू नका, तिला लाज वाटेल. तिच्या शेजारी वाचता येणारी मैत्रीण बसवा. दोघी मिळून वाचतील. पुढच्या वर्षी तीही चिठ्ठी लिहील.

आजपर्यंत किती तरी वेळा आपल्या मुलांनी शाळेतून कागद आणला आणि आपण तो नुसता उलटसुलट करून पाहिला. आता मूल कागद आणील आणि आपण तो वाचू. तीनशे अंडी म्हणजे तीनशे शब्द. मुलाला अंडे मिळाले, आपल्याला शब्द मिळाला. टोपली दोघांचीही भरली.

तर मंडळी, कामे वाटून घ्या. महिला मंडळाने अंडी करावीत. तरुण मंडळाने जागा साफ करून दोरी बांधावी. अंगणवाडीच्या ताईंनी लहानांचा गट सांभाळावा. वाचन-वर्गाच्या लोकांनी नावे आणि चिठ्ठ्या लिहाव्यात. खेळाच्या दिवशी सर्वांत लहान मूल कोण आहे ते आधी शोधून ठेवा, आणि त्याच्या टोपलीत पाच अंडी पडल्याशिवाय "खेळ संपला" असे कुणी म्हणू नका.